दहा वर्षांची वॉरंटी आणि तिसऱ्याच पावसाळ्यात गळती

प्रश्न : मनीषनगरला आमचं तळमजला अधिक एक असं घर आहे. गच्ची 1,100 चौरस फुटांची. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी एका ठेकेदाराकडून वॉटरप्रूफिंगचं कोटिंग करून घेतलं, 60 रुपये फुटाने 66,000 रुपये दिले. त्याने कंपनीचं 10 वर्षांचं वॉरंटी कार्ड दिलं आणि आपल्या लेटरहेडवरही 10 वर्षं लिहून दिली. मागच्या हिवाळ्यात आम्ही गच्चीवर सोलर बसवलं. या जुलैत हॉलच्या कोपऱ्यात, पावसाच्या पाइपजवळ, ओल आली आणि पोपडे सुटायला लागले. सोलरचे पाय तिथून दहा-बारा फूट लांब आहेत, तरी ठेकेदार म्हणतो, सोलर बसवलं म्हणजे वॉरंटी संपली. कंपनीचा माणूस म्हणतो, काम करणाऱ्याशी बोला. आता दुसरा एक ठेकेदार 95 रुपये फुटाने 15 वर्षं लिहून द्यायला तयार आहे. काय करावं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर :

ताई, नव्या ठेकेदाराला अजून होकार देऊ नका. त्या कोपऱ्यावर सध्या कोणाकडूनही काहीही लावून घेऊ नका. दुसऱ्याने हात लावला की वॉरंटी रद्द, ही अट बहुतेक कागदांवर असते. तुमच्या पहिल्या ठेकेदाराकडे आज सोलरचं एक कारण आहे, त्याला दुसरं आयतं मिळेल. घरात पाणी येत असेल तर त्या कोपऱ्यावर ताडपत्री टाका, कडेला विटा ठेवा. ताडपत्री टाकण्याआधी आणि टाकल्यावर तारखेसह फोटो काढा. एवढी तात्पुरती काळजी तुम्ही घ्यायलाच हवी, नाहीतर नुकसान तुमच्यामुळे वाढलं असं म्हणायला वाव राहतो.

तुमच्या हातात दोन वेगळे कागद आहेत आणि सगळा घोळ तिथेच आहे. कंपनीचं कार्ड मालाचं असतं. डब्यातलं कोटिंग सदोष निघालं, ठरलेल्या मुदतीआधी भुकटी झालं, सोलून आलं, तर कंपनी जबाबदार. ते कसं लावलं, किती लावलं, खालचा पृष्ठभाग ओला होता की कोरडा, याची जबाबदारी त्या कार्डात बहुधा नसते. लेटरहेडवरचा कागद कामाचा आहे आणि तो फक्त ठेकेदाराला बांधतो. गळती झाली की कंपनी म्हणते लावण्यात चूक, ठेकेदार म्हणतो माल खराब, आणि घरमालक मधे उभा. गच्चीच्या गळतीत डब्यातला माल सदोष असण्यापेक्षा तयारी, जाडी आणि जोड यांत कसूर झालेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून तुमच्यासाठी लेटरहेडवरचा साधा कागद त्या चकचकीत कार्डापेक्षा मोलाचा आहे. तो जपून ठेवा, मूळ प्रत कोणालाही देऊ नका.

कार्ड मात्र उलटून मागची बारीक अक्षरं वाचा. तीन गोष्टी शोधा. पहिली, नोंदणी. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी काम सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर ठराविक दिवसांत साइटची नोंद झाली तरच लागू होते आणि काम कंपनीच्या अधिकृत माणसानेच केलेलं असावं लागतं. नोंद झाली नसेल तर कार्ड म्हणजे छापील कागद. कंपनीला ईमेल करून नोंदणी क्रमांक विचारा. दुसरी, भरपाई कशाची? 'फक्त माल बदलून' असं असेल तर मजुरी, खरवडणं, छताचा रंग, खराब झालेलं फर्निचर यातलं काही मिळत नाही. तिसरी, भरपाई वर्षागणिक घटते का? समजा 66,000 पैकी मालाचे 30,000 होते. दरवर्षी दहावा हिस्सा कमी होत असेल तर दोन वर्षं पूर्ण झाल्यावर 24,000 रुपयांचा माल मिळेल, आठ वर्षं झाल्यावर 6,000 चा. मालाची 10 वर्षांची वॉरंटी याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो.

आता सोलर. 'गच्चीवर नंतर काही बसवलं, छिद्र पाडलं, टाकी हलवली तर वॉरंटी लागू नाही' ही अट रास्त आहे, कारण अँकर बोल्ट स्लॅबमध्ये गेला की त्याने कोटिंग फाडलेलंच असतं. पण ती अट कशी लिहिली आहे ते बघा. 'अशा बदलामुळे झालेल्या गळतीला वॉरंटी लागू नाही' असं असेल तर सोलरच्या पायांखालची जागा तेवढी बाहेर पडते, दहा-बारा फुटांवरचा पाइपचा कोपरा नाही. 'कोणताही बदल केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द' असं असेल तर तुमची बाजू कमजोर होते, पण संपत नाही. गळतीचं कारण सोलर नसून मुळातलं काम आहे हे दाखवता आलं, तर सेवेतील त्रुटीची तक्रार उरतेच. दोन्हीकडे प्रश्न एकच, पाणी नेमकं कुठून शिरतं? ते वादाने ठरणार नाही, पाणी ओतून ठरेल.

चार-पाच दिवसांची उघडीप मिळाली की ही चाचणी करा. शक्यतो ठेकेदाराला दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर कळवून, तो आला तर त्याच्यासमोर. आधी गच्ची कोरडी होऊ द्या आणि खाली हॉलमधल्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. पहिल्या दिवशी गच्चीच्या फरशीला थेंब न लागता होजने सरळ पाइपच्या आत दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा. रेघेबाहेर ओल सरकली तर स्लॅब नव्हे, भिंतीलगतचा पाइपचा जोड किंवा बेंड फुटला आहे. काहीच झालं नाही तर दुसऱ्या दिवशी पाइपचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, त्याच्याभोवती पाच बाय पाच फुटांचा चिकणमातीचा बांध घाला आणि दोन इंच पाणी भरा. साधारण 120 लिटर लागेल, म्हणजे सात-आठ बादल्या. 24 तास ठेवा. ओल सरकली तर दोष पाइपच्या तोंडाशी आहे आणि सोलरचा संबंध नाही. नाही सरकली तर दोन दिवस वाळू द्या आणि मग सोलरच्या पायांभोवती तसाच बांध घाला. पाणी स्लॅबमधल्या भेगेतून दहा फूट आडवंही जाऊ शकतं, म्हणून पायांकडची चाचणी टाळू नका. निकाल तुमच्या विरुद्ध गेला तरी तो माहीत असलेला बरा, कारण मग ठेकेदाराच्या मागे न लागता सोलर बसवणाऱ्याकडे जाता येईल. प्रत्येक टप्प्याचा व्हिडिओ घ्या, त्यात खालची पेन्सिलची रेघ दिसली पाहिजे.

तुम्ही वर्णन केलं आहे त्यावरून आमचा संशय पाइपच्या तोंडावरच आहे. पीव्हीसी उन्हाने काँक्रीटच्या पाचपटीहून जास्त फुगतं आणि थंडावलं की तितकंच आकसतं. नागपुरात मे महिन्यात हवेचं तापमान 45 च्या पुढे जातं, तापलेली स्लॅब 60 अंशांच्या वर असते, आणि मृगाचा पहिला जोरदार सडाका तिचा वरचा थर झपाट्याने गार करतो. 10 मीटर लांबीची स्लॅब 40 अंशांच्या फरकाने सुमारे 4 मिलिमीटर हलते. हे दरवर्षी, आणि थोड्या प्रमाणात रोज रात्रंदिवस चालू असतं. स्लॅब आणि पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) सांधा, टाकीचे ओटे आणि पाइपचं तोंड इथे हा ताण एकवटतो. नुसता ब्रश फिरवून दिलेलं मिलिमीटरभराचं कोटिंग तिथे टिकत नाही. पाइपभोवती खाच पाडून लवचिक सीलंट भरावं लागतं, कोटिंगच्या दोन हातांच्या (थरांच्या) मधे फायबरची जाळी दाबावी लागते आणि कोटिंग पाइपच्या आत दोन-तीन इंच वळवावं लागतं. कामाच्या वेळी काढलेल्या फोटोत ही जाळी दिसत नसेल तर ती लावलीच नसावी.

निष्कर्ष हातात आला की ठेकेदाराला लेखी कळवा आणि कंपनीलाही त्याची प्रत द्या. फोनवरचं बोलणं धरलं जात नाही. पत्रात कामाची तारीख, दिलेली रक्कम, वॉरंटीची मुदत, गळती पहिल्यांदा दिसली ती तारीख, चाचणीचा निकाल आणि '15 दिवसांत येऊन पाहणी करावी व विनामूल्य दुरुस्ती करावी' एवढं पुरे. राग त्यात नको. व्हॉट्सॲप आणि ईमेलवर पाठवाच, पण पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही टाका. कागदावर 'गळती दिसल्यापासून 30 दिवसांत कळवणे बंधनकारक' अशी अट आहे का तेही आजच बघा. असेल तर चाचणीसाठी थांबू नका, आधी पत्र टाका, निकाल नंतर जोडा.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं कंपनीपर्यंत पोचताच हलतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. मोबदला, म्हणजे कामासाठी दिलेली रक्कम, 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. ठेकेदाराचं दुकान बंद झालं असेल तरी एक ध्यानात ठेवा. एकट्या मालकाची फर्म असेल तर फर्म आणि मालक कायद्याने वेगळे नसतात, पाटी उतरवली म्हणून त्याची जबाबदारी उतरत नाही. त्यासाठी त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता मात्र हवा.

आता त्या 15 वर्षांबद्दल. तुमच्या गच्चीला 95 रुपये फुटाने 1,04,500 रुपये होतात. वर्षांचा आकडा मोठा असला की काम चांगलं, असं मुळीच नाही. 15 हा आकडा लिहायला 10 पेक्षा जास्त शाई लागत नाही. आम्ही तर म्हणू, पाच वर्षांची पण माल आणि मजुरी दोन्हींची, पाइप आणि सांध्यांसह दिलेली वॉरंटी 15 वर्षांच्या नुसत्या मालाच्या वॉरंटीपेक्षा उजवी. तेव्हा भाव करायचा असेल तर वर्षांवर करू नका, वॉरंटीतून वगळलेल्या गोष्टींवर करा.

वगळलेल्यांत पहिली ओळ बहुधा 'स्ट्रक्चरल भेगा'. इथल्या काळ्या मातीवर पाया उथळ असेल तर घर ऋतूनुसार थोडं हलतं आणि भेगा पडतात, त्या कोणतंही कोटिंग रोखू शकत नाही. ही सवलत ठेकेदाराला द्या, पण मोजमापासह. केसासारख्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या भेगा वॉरंटीतच धराव्यात असं लिहून घ्या. नाहीतर प्रत्येक भेग स्ट्रक्चरल ठरते. दुसरी ओळ 'पाणी साचल्यास'. पाणी साचतं ते उतार नसल्याने किंवा तोंडं कमी असल्याने. उतार किमान 100 ला 1 हवा, म्हणजे 20 फुटांत सुमारे अडीच इंच. 1,100 फुटांच्या गच्चीला 4 इंची पाइपची किमान दोन तोंडं हवीत, तीन असतील तर उत्तम. उतार नसेल तर आधी कोबा (गच्चीवरचा उताराचा थर) दुरुस्त करून घ्या. उतार न करता 'साचल्यास जबाबदार नाही' लिहिणारा ठेकेदार गळतीची तजवीज करूनच निघालेला असतो.

तिसरी ओळ 'नैसर्गिक आपत्ती आणि अतिवृष्टी'. भूकंप, वीज ठीक. अतिवृष्टी हा शब्द खोडून घ्या. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, वस्त्यांत पाणी शिरलं. ती शहरासाठी आपत्ती होतीच, पण उतार आणि तोंडं नीट असलेल्या गच्चीने असा पाऊस झेललाच पाहिजे. पावसातच लागू नसलेली वॉरंटी घेऊन काय करायचं?

माल किती लागायला हवा याचा हिशेब काम सुरू होण्याआधी स्वतः करा. गच्ची 1,100 फूट, कडेची लांबी साधारण 135 फूट, पॅरापेटवर एक फूट चढवलं तर आणखी 135 चौरस फूट, एकूण 1,235. डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे 20 फूट असं लिहिलं असेल तर सुमारे 62 लिटर लागतात. 20 लिटरच्या तीन बादल्या आणि वर थोडं. ठेकेदार दोन बादल्यांत काम उरकत असेल तर जाडी दोन तृतीयांशच मिळाली आणि मालाची वॉरंटी तिथेच बाद झाली, कारण ती ठरलेल्या जाडीवरच असते. बादल्या सीलबंद येऊ द्या, तुमच्यासमोर उघडू द्या, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख दिसेल असे फोटो काढा. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने आणि शक्यतो वेगळ्या रंगछटेत द्यायला सांगा, म्हणजे कुठे राहून गेलं ते डोळ्यांना दिसतं. पाणी किती मिसळायचं तेही डब्यावरच वाचा. मिस्त्री मग्गेच्या मग्गे ओततात आणि कोटिंगचं पांढरं पाणी होतं.

हे काम आत्ता, ऑगस्टच्या ओलीत करूच नका. ओल्या स्लॅबवर दिलेलं कोटिंग उन्हाळ्यात फोडासारखं फुगतं आणि 'पृष्ठभागात ओल होती' म्हणून दावा फेटाळला जातो. दसरा-दिवाळीनंतरचा काळ किंवा फेब्रुवारी-मार्च चांगला. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून दंव धरलं तर अजून थांबा. मे महिन्यात करणं भाग पडलं तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, भर दुपारी कधीच नाही. आधीचं सुटलेलं कोटिंग पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर नवं चढवू देऊ नका. खालचा थर सुटला की वरचा त्याच्यासोबत येतो.

सोलरच्या पायांचं मात्र आधी ठरवा. सरकारी अनुदान 3 किलोवॅट आणि पुढे 78,000 रुपये मिळतं म्हणून घरोघरी पॅनल चढताहेत आणि घाईत बोल्ट सरळ गच्चीच्या कोब्यात ठोकले जातात. योग्य क्रम असा की पायांसाठी काँक्रीटचे ओटे आधी बांधायचे, त्यांच्या तळाशी वाटा (कोपऱ्यातला गोलसर उतार) काढायचा, कोटिंग ओट्यावर चढवायचं आणि मग पॅनल बसवायचं. तुमचे पाय बसलेलेच आहेत. काम करताना एकेक पाय मोकळा करता येत नसेल तर निदान बोल्टभोवती सीलंट, जाळी आणि ओट्यासारखा उठाव करून घ्या. नव्या वॉरंटीत 'कामाच्या दिवशी गच्चीवर असलेलं सोलर, टाकी व कूलरचे स्टँड धरून वॉरंटी लागू' हे वाक्य घाला, सोबत त्या दिवशीचा गच्चीचा फोटो जोडा आणि त्यावर त्याची सही घ्या.

देखभालीची अटही असतेच. जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेर पाइपची तोंडं साफ केल्याचे तारखेसह फोटो ठेवले की तो मुद्दा मिटतो. पॅरापेटच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर बोटभर असतानाच मुळासकट काढा. वाळवणाला हरकत नाही, खाटेच्या लोखंडी पायांखाली रबराचे तुकडे ठेवा आणि कूलर ओढत नेऊ नका.

'बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील' हे वाक्य ऐकू आलं तर नम्रपणे नाही म्हणा. बिलाशिवाय मालाची वॉरंटी मागता येत नाही आणि कामाची सिद्ध करता येत नाही. छोट्या ठेकेदाराची जीएसटी नोंदणी नसू शकते. अशा वेळी नाव, पत्ता, मालाचं नाव, बादल्यांची संख्या, क्षेत्रफळ आणि रक्कम असलेली सही-शिक्क्याची पावती चालते, आणि पैसे बँकेतून द्या. बिल आणि वॉरंटी ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याच नावाने असू द्या. पुढे घर मुलांकडे जाईल किंवा विकलं जाईल, म्हणून 'वारस व खरेदीदारांनाही लागू' हे चार शब्द लिहून घ्या. दहा टक्के रक्कम पुढच्या पावसाळ्यातल्या सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवायचं करारातच ठरवा. खात्रीने काम करणारा ठेकेदार याला तयार होतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांनी एवढं पाहावं : गच्ची सामाईक असते, तेव्हा वॉरंटी वरच्या मजल्यावरच्या एकट्याच्या नावाने न घेता सोसायटीच्या किंवा अपार्टमेंट असोसिएशनच्या नावाने घ्यावी. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कक्षेतल्या इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर आधी बिल्डरलाच लेखी कळवा. कलम 14(3) नुसार बांधकामातला दोष त्याने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

ताई, काम संपलं की ठेकेदार 'काम समाधानकारक झाले' अशा छापील कागदावर सही मागेल. ती लगेच देऊ नका. कोटिंग पूर्ण वाळल्यावर, साधारण आठवडाभराने, तोंडं बंद करून पूर्ण गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास भरून बघा. तुमच्या गच्चीला 5,000 लिटरच्या वर, म्हणजे एक टँकर लागेल. स्लॅब जुनी असेल आणि खालून सळ्यांचा गंज दिसत असेल तर एवढं वजन घालण्याआधी इंजिनिअरला दाखवा, किंवा तुकड्यातुकड्यांनी चाचणी करा. पाण्याजवळ एक भरलेली बादलीही ठेवा. इथल्या उन्हात दोन दिवसांत पातळी आपोआप उतरते. गच्चीवरचं पाणी बादलीइतकंच उतरलं आणि खाली छत कोरडं राहिलं, तरच चाचणीची तारीख त्याच कागदावर लिहून सही करा.